‘अविश्वास’ हा शब्द जपून वापरावा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत बोलायला उभ्या राहणाऱ्या बाईने मंडळाच्या कामाचे कौतुक करावे, अशी आपल्याकडे रीत आहे. ते काम चिटणीसबाईंनी आपल्या अहवालात उत्तम केले आहे. त्याची पुनरुक्ती करून मी आपला वेळ घेत नाही. विषय निवडण्याची मोकळीक मला मिळाली, तेव्हा मी एक शब्दच निवडला. तो शब्द म्हणजे अविश्वास.

मी भाषापंडित नव्हे. शाळेत पुष्कळ वर्षे मराठी शिकविले, एवढाच माझा अधिकार. परंतु मुलांना शब्दार्थ सांगताना जी गोष्ट माझ्या कधी ध्यानात आली नाही, ती या मंडळाची खजिनदार असताना आली, आणि ती फार महाग पडली. ह्या एका शब्दापायी आपली एक भगिनी आपल्याला दुरावली. तो शब्द तिने उच्चारला नव्हता. मी उच्चारला होता. ती हकीकत मी लपविणार नाही. पण आधी शब्दाची ओळख करून घेऊ, म्हणजे माझी चूक कोठे झाली ते आपल्याला आपोआपच कळेल.

विश्वास हा शब्द आपण संस्कृतातून जसाच्या तसा घेतला आहे. त्याच्या पोटात ‘श्वस्’ हा धातू आहे. श्वस् म्हणजे श्वास घेणे. श्वास, उच्छ्वास, निःश्वास, इतकेच नव्हे तर आश्वासन हा शब्दही त्याच घरातला. त्या धातूला ‘वि’ हा उपसर्ग लागला आणि विश्वास झाला. त्याचा मूळचा भाव असा, की मोकळा श्वास घेणे, निर्धास्त होणे. आईच्या खांद्यावर मान टाकून झोपलेले मूल पाहा. त्याचा श्वास कसा संथ चाललेला असतो! विश्वासाची याहून चांगली व्याख्या मला कोणत्याही कोशात सापडली नाही.

आता त्याच्यामागे एक ‘अ’ लावा. अविश्वास म्हणजे तो मोकळा श्वास नसणे. नवी सून पहिल्यांदा ज्वारीची भाकरी थापायला बसते आणि सासूबाई मागे उभ्या राहून पाहतात. तोंडाने त्या काही बोलत नाहीत. पण सुनेचा श्वास अडकतो आणि भाकरीही मोडते. ह्या प्रसंगात कोणी कोणाला लबाड म्हटलेले नाही, चोर म्हटलेले नाही. तरीही दोघींपैकी एकीलाही मोकळा श्वास घेता येत नाही. अविश्वास असा असतो. ज्याच्यावर तो असतो तो गुदमरतो, आणि ज्याच्या मनात तो असतो तोही गुदमरतो.

या शब्दाच्या शेजारी आणखी काही शब्द राहतात. आपण घाईत एकाच्या दारावरची पाटी दुसऱ्याच्या दारावर लावतो, आणि मग भांडणे होतात. म्हणून ते शब्द वेगवेगळे करून पाहू.

पहिला शब्द शंका. दूध पातळ लागले. आपण दूधवाल्याला विचारतो, “का हो, आज दूध पातळ कसे?” ही शंका. शंकेला उत्तर हवे असते. म्हैस आटत आली आहे, असे त्याने सांगितले आणि ते पटले, की शंका मिटते. दुसरा शब्द संशय. दूधवाला काहीही सांगो, आपण मनात म्हणतो, “हा पाणीच घालत असणार.” संशयाला उत्तर नको असते, कारण त्याने उत्तर आधीच ठरविलेले असते. गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्याचा नाश सांगितला आहे तो हा संशयी माणूस. शंका विचारणारा नव्हे. शंका विचारणारा तर अर्जुन स्वतःच आहे, आणि त्याने विचारले म्हणूनच आपल्याला गीता मिळाली. विनोबांनी १९३०-३१ साली आपल्या वर्ध्यात गीताई लिहिली, तीही एका विचारणाऱ्याच्या प्रश्नांची उत्तरे आहेत, हे आपण विसरू नये.

तिसरा शब्द सावधपणा. दूध उकळून घेणे, माप पाहून घेणे हा सावधपणा. त्यात दूधवाल्याचा अपमान मुळीच नाही. आजकाल बँकेकडून मोबाईलवर संदेश येतो, की आलेला गुप्त आकडा कोणालाही सांगू नका. बँकेच्या माणसालाही सांगू नका, असे बँकच सांगते! ती काही आपल्याच नोकरांना चोर म्हणत नाही. दाराला कडी असते ती शेजाऱ्यावर अविश्वास म्हणून नव्हे.

आणि चौथा शब्द अविश्वास. तो कसा ओळखावा? तर अविश्वास गप्प असतो. एके दिवशी आपण दूधवाल्याला काहीही न विचारता दुसऱ्याकडून दूध सुरू करतो, तेव्हा आपला त्याच्यावरचा विश्वास खरोखरच गेलेला असतो. जोपर्यंत आपण विचारतो, तोपर्यंत उत्तर खरे मिळेल अशी आशा आपल्या मनात असते. विचारणे थांबले, की समजावे, आत काहीतरी संपले.

आमच्या शेजारच्या एक वृद्ध आजी होत्या. शाळेची पायरी त्यांनी कधी चढली नाही. त्या आपल्या बोलीत म्हणत, “जो पुसते, तो येते. ज्याले याचंच नाही, तो काहून पुसंल?” जो विचारतो तो पुन्हा येणार असतो, ज्याला यायचेच नाही, तो कशाला विचारील? मी वर्गात शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहीत राहिले, आणि ह्या शब्दाचा अर्थ आजींनी ओट्यावर बसून सांगितला.

आपल्याकडच्या बोलीत विश्वासापेक्षा भरोसा हा शब्द अधिक चालतो. “तुह्या भरोशावर पोरं सोडून जातो, माय,” असे एक बाई दुसरीला म्हणते आणि शेतावर जाते. न टिकणाऱ्या गोष्टीला आपण बेभरवशाची म्हणतो. आपला पाऊस बेभरवशाचा आहे. पण म्हणून कोणत्या शेतकऱ्याने कपाशी आणि तूर पेरायचे सोडले? दुबार पेरणीची वेळ आली तरी तो कर्ज काढून पेरतो. तो आभाळाकडे पाहतो, शेजाऱ्याला विचारतो, ओल किती खोल गेली ते हाताने उकरून पाहतो, आणि मग पेरतो. यालाच मी निरोगी विश्वास म्हणते. भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो, ही म्हण आपल्याला हसत हसत हेच सांगते, की भरवसा ठेवा, पण म्हशीकडे लक्षही ठेवा.

शब्दाच्या वापराबद्दल आणखी एक गोष्ट सांगते, कारण विद्यार्थिनी येथे बसल्या आहेत. जी बातमी खरी वाटत नाही ती अविश्वसनीय. ज्या माणसावर भरवसा ठेवता येत नाही तो अविश्वासू. दिलेला विश्वास मोडणे म्हणजे विश्वासघात. आणि अविश्वास? तो आपल्या मनात असतो, समोरच्याच्या अंगात नव्हे. समोरचा अविश्वासू नसतानाही माझ्या मनात अविश्वास असू शकतो. उलट समोरचा पक्का विश्वासघातकी असूनही माझा त्याच्यावर विश्वास असू शकतो. म्हणून “तिने माझ्यावर अविश्वास दाखविला” असे म्हणताना आपण दुसऱ्याच्या मनाबद्दल साक्ष देत असतो. तशी साक्ष देण्याआधी त्या मनात काय आहे, हे तिला विचारले पाहिजे.

आपण मराठी माणसे विश्वास या शब्दावर एक दुःखी कोटीही करतो. कोणी “विश्वास ठेवा” म्हटले, की दुसरा म्हणतो, “विश्वास तर पानिपतातच गेला!” नानासाहेब पेशव्यांचे थोरले पुत्र विश्वासराव १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर पडले, त्यावरून ही म्हण निघाली. घरोघरीचे माणूस गेले होते, त्या दुःखातून आलेले ते उद्गार आहेत. परंतु दोनशे साठ वर्षे उलटून गेल्यावर उसने मागायला आलेल्या शेजारणीला तीच म्हण ऐकविणे बरे नव्हे. जुन्या घावाचे निमित्त करून नवा माणूस दूर लोटणे हा आपला दोष आहे. ती म्हण इतिहासाच्या तासाला शोभते, स्वयंपाकघराच्या दाराशी शोभत नाही.

आता हा शब्द वर्तमानपत्रात आपल्याला रोज भेटतो तो ठरावाच्या निमित्ताने. अविश्वासाचा ठराव! लोकसभेत असा पहिला ठराव आला तो १९६३ सालच्या ऑगस्ट महिन्यात, पंडित नेहरूंच्या सरकारविरुद्ध. तो मांडला आचार्य कृपलानींनी. हे गृहस्थ नेहरूंचे शत्रू नव्हते. स्वातंत्र्याच्या लढ्यात दोघे बरोबर होते, दोघेही गांधीजींचे जवळचे होते. चीनशी झालेल्या युद्धात आपला पराभव झाला होता, आणि त्याचा जाब कोणीतरी विचारला पाहिजे असे कृपलानींना वाटत होते. सभागृहात कित्येक तास चर्चा झाली, नेहरूंनी उत्तर दिले, मते पडली. ठरावाच्या बाजूने ६२ आणि विरुद्ध ३४७. ठराव पडला. आम्हा बायकांना यात अधिक नवल वाटावे अशी एक गोष्ट आहे. कृपलानींच्या पत्नी सुचेताबाई काँग्रेस पक्षातच होत्या, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात त्या उत्तर प्रदेशाच्या मुख्यमंत्री झाल्या. भारतातील त्या पहिल्या स्त्री मुख्यमंत्री. पतीने सरकारला जाब विचारावा आणि पत्नीने त्याच पक्षाचे राज्य चालवावे, हे एकाच घरात झाले, आणि घर मोडले नाही.

आपल्या गावच्या ग्रामपंचायतीतही हीच सोय आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या पस्तिसाव्या कलमात सरपंचावरील अविश्वासाच्या ठरावाची रीत घालून दिली आहे. आधी तहसीलदारांकडे नोटीस द्यावी लागते, मग खास सभा भरते. ज्याच्याविरुद्ध ठराव आहे त्यालाही त्या सभेत बोलण्याचा आणि मत देण्याचा हक्क असतो. पुढे या कलमात अशीही तरतूद आली, की स्त्रियांसाठी राखीव असलेल्या पदावरच्या स्त्री सरपंचाविरुद्धचा ठराव तीन चतुर्थांश बहुमताशिवाय संमत होऊ नये. स्त्रीला खुर्चीवर बसविणे सोपे, पण तिला तेथे टिकू देणे कठीण, हे कायदा करणाऱ्यांना उमगले असावे.

भगिनींनो, या ठरावाला ‘अविश्वासाचा’ म्हणतात खरे, पण त्याची रीत पाहा. आधी सूचना, मग उघड सभा, कारण सांगणे, समोरच्याचे ऐकून घेणे आणि शेवटी मोजून घेतलेला कौल. म्हणजे गप्प बसणारा अविश्वास येथे बोलता होतो. आपल्या घराघरांतले आणि मंडळांमंडळांतले अविश्वासाचे ठराव असे कोठे होतात? ते विहिरीवर होतात, गच्चीवर पापड वाळत घालताना होतात, आणि आता मोबाईलवरच्या गटात होतात. ज्या बाईविरुद्ध ठराव संमत झाला, तिला तो कळतो तेव्हा हळदीकुंकवाचे बोलावणे येणे बंद झालेले असते. सरपंचाला जो हक्क कायद्याने दिला, तो आपण आपल्या शेजारणीला देत नाही.

काही जणींना वाटेल, की विचारपूस आणि हिशेब ही सरकारी कामे; आपुलकीच्या संस्थेत ती कशाला? म्हणून मी आपल्याच वर्ध्याकडे वळते.

गांधीजी १९३६ साली शेगावात राहायला आले. त्याच गावाचे पुढे सेवाग्राम झाले. धनवंताने आपल्या धनाचा मालक म्हणून नव्हे तर विश्वस्त म्हणून वागावे, ही त्यांची शिकवण. आणि ती ज्यांनी अंगी बाणविण्याचा यत्न केला ते जमनालालजी बजाज ह्याच वर्ध्याचे. विश्वस्त हा शब्दही श्वस् धातूचाच. ज्याच्या हाती ठेव देऊन इतरांनी निर्धास्त व्हावे तो विश्वस्त. पण इतरांनी निर्धास्त कशाच्या बळावर व्हावे? गांधीजींनी आपल्या आत्मकथेत नाताळमधल्या संस्थेची हकीकत दिली आहे. १८९४ साली ती संस्था स्थापन झाली, आणि पहिल्या दिवसापासून पै-पैची पावती आणि पै-पैचा हिशेब त्यांनी ठेवविला. चोख हिशेबाशिवाय सार्वजनिक संस्था शुद्ध राहूच शकत नाही, असे त्यांचे मत होते.

आपला कायदाही तेच सांगतो. मुंबई राज्यात १९५० साली झालेला आणि पुढे विदर्भालाही लागू झालेला सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा आपल्यासारख्या संस्थांना लागतो. त्याच्या नावातच विश्वास आहे, आणि आत पाहावे तर काय? वह्या ठेवा, हिशेब तपासून घ्या, धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत कागद द्या! ज्या कायद्याने विश्वासाचे नाव घेतले त्यानेच हिशेबाची सक्ती केली. या दोन गोष्टींत विरोध असता तर असे झाले नसते.

कापसाच्या बाजाराचेही तेच. पूर्वी बाजारात दलाल रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवीत. ज्याचा कापूस, तो शेतकरी बाजूला उभा, आणि त्याच्या मालाचा भाव दोन परक्या माणसांच्या हातांत रुमालाखाली! वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातला तो पहिला मानतात. हे कारंजा म्हणजे आपल्या जिल्ह्यातले कारंजा घाडगे नव्हे, वाशीम जिल्ह्यातले कारंजा लाड. उघडा भाव आणि खरे वजन, ही त्या व्यवस्थेमागची कल्पना. काटा सर्वांसमोर उभा राहिला म्हणजे व्यापाऱ्याचा अपमान होत नाही. चांगल्या व्यापाऱ्याचे नाव उलट वाढते. रुमाल मात्र दोघांचीही अब्रू घेतो.

पण विचारण्याचीही एक रीत असते, हे मी सांगितले नाही तर माझे बोलणे एकांगी होईल. १९२९ साली साबरमतीच्या आश्रमात कस्तुरबांनी कोणीतरी दिलेले चार रुपये कचेरीत जमा न करता जवळ ठेवले, आणि गांधीजींनी ती गोष्ट आपल्या साप्ताहिकात छापली. नियम सर्वांना सारखा, घरच्यांनाही सारखा, हे त्यातले तत्त्व मोठे आहे. तरीही सेवाग्रामला बा कुटीच्या दाराशी उभी राहिले, की मला ते चार रुपये आठवतात आणि बांसाठी जीव तुटतो. हिशेब मागावा, पण माणूस उघडे पाडू नये. आधी एकांतात विचारावे, उत्तर मिळाले नाही तरच चारचौघांत विचारावे. ही रीत ज्या भगिनीने पाळली, तिची हकीकत आता सांगते.

काही वर्षांपूर्वी आपल्या मंडळाने उन्हाळ्यात पापड, कुरडया, शेवया आणि मूगवड्या करून विकल्या. विक्री चांगली झाली. मी खजिनदार होते. एक तरुण भगिनी नुकतीच मंडळात येऊ लागली होती. तिचे नाव घेण्याचा मला अधिकार नाही. ती माझ्या घरी आली आणि ओट्यावर बसून हळूच म्हणाली, “बाई, उडदाच्या डाळीची पावती एकदा बघू का? मला वाटते, काही चुकले आहे.” मी म्हटले, “बघू उद्या.” तो उद्या मी कधी येऊ दिला नाही. ती दुसऱ्यांदा आली तेव्हा मी कामात असल्याचे सांगितले. तिसऱ्यांदा तिने मासिक सभेत तोच प्रश्न विचारला, तितक्याच हळू आवाजात.

आणि मी उभी राहून म्हणाले, “तुमचा माझ्यावर अविश्वास असेल, तर मी आत्ताच राजीनामा देते.”

भगिनींनो, पुढचे आपल्याला ठाऊक आहे. आपण सर्वजणी माझ्या बाजूने उभ्या राहिलात. इतकी वर्षे काम करणाऱ्या बाईला कालची पोर जाब विचारते, असे शब्द निघाले. ती खाली बसली. सभा संपल्यावर तिने सतरंजीची घडी घालायला हात लावला आणि मग निघून गेली. माझा राजीनामा कोणी घेतला नाही, आणि मला त्याचा अभिमान वाटला, हे मी आज लाजेने सांगते.

चार महिन्यांनी वर्ष संपले. नव्या खजिनदारबाईंना वह्या सोपविण्यासाठी मी त्या पुन्हा जुळवायला बसले. डाळीची एकच पावती मी दोनदा लिहिली होती. एकदा माल आला त्या तारखेला आणि एकदा पैसे दिले त्या तारखेला. अठराशे चाळीस रुपये खर्चाच्या बाजूला जास्त पडले होते. पैसे डब्यातच होते, वहीत मात्र नव्हते. मी चोरी केली नव्हती. पण तिनेही मला चोर म्हटले नव्हते. तिने फक्त पावती मागितली होती, आणि तिचे म्हणणे खरे होते.

मी कार्यकारिणीला चूक सांगितली, वही दुरुस्त झाली. तिला मात्र कोणी कळविले नाही. मग मी तिच्या घरी गेले. तिने चहा केला, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मी क्षमा मागितली. ती म्हणाली, “बाई, मनात काही ठेवू नका. माझ्या मनात काही नाही.” निघताना तिने मला कुंकू लावले. मी हलक्या मनाने घरी आले. पण पुढच्या महिन्यात ती सभेला आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. रस्त्यात भेटली की हसते, बरे आहे ना म्हणते. मंडळाविषयी एक शब्द विचारीत नाही. आजही ती येथे नाही.

तेव्हा मला शेजारच्या आजींचे शब्द आठवले. ती ओट्यावर येऊन विचारीत होती, तेव्हा तिचा आमच्यावर विश्वास होता. अविश्वास आहे तो आत्ता, ती काही विचारीत नाही तेव्हा. मी त्या सभेत जो शब्द तिच्या अंगावर फेकला, तो त्या दिवशी खोटा होता. माझ्या फेकण्यामुळे तो खरा झाला.

आपल्या शेजारी पवनारला विनोबांनी १९५९ साली बहिणींसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले. तेथले निर्णय सर्वांच्या संमतीने होतात. म्हणजे एक बहीण जरी गप्प असली, तरी तिला विचारावे लागते. विनोबा या युगाच्या तीन शक्ती सांगत: वेदान्त, विज्ञान आणि विश्वास. त्यांनी विश्वासाला विज्ञानाच्या शेजारी बसविले, यात मला मोठे मर्म वाटते. विज्ञान प्रत्येक गोष्ट विचारते, तपासते, मोजते. असे असूनही दोघे एका पंक्तीला बसू शकतात. हेच विनोबा १९६० साली चंबळच्या खोऱ्यात हत्याराशिवाय गेले, आणि ज्यांच्यावर सरकारचाही भरवसा नव्हता अशा डाकूंनी त्यांच्यापुढे बंदुका ठेवल्या. डाकूंवर इतका विश्वास टाकणारा पुरुष आपल्या जिल्ह्यात राहून गेला, आणि आपण एका पावतीसाठी एक बहीण गमावली!

म्हणून माझी मंडळाला तीन गोष्टींची विनंती आहे. पहिली, दर महिन्याच्या सभेत जमाखर्च मोठ्याने वाचला जावा आणि पावत्यांची फाईल सतरंजीवर सर्वांसमोर ठेवली जावी. कोणाला ती मागावी लागू नये. दुसरी, जी भगिनी हिशेबातली शंका विचारील तिचे नाव इतिवृत्तात आभारासह लिहावे. तिसरी, या मंडळात कोणीही शंकेला अविश्वास म्हणू नये. तो शब्द आपण कुलूप लावून ठेवू या, आणि खरोखरच तशी वेळ आली तर ग्रामपंचायतीप्रमाणे सूचना देऊन, कारण सांगून, समोरचीचे ऐकून मगच बाहेर काढू या.

आणि चौथी गोष्ट माझी मला करावयाची आहे. मागच्या वेळी मी तिच्या घरी एकटी गेले होते. अपमान मात्र चाळीसजणींच्या सभेत झाला होता. एकांतात मागितलेली क्षमा त्याला पुरी पडणार नाही, हे मला उशिरा कळले. म्हणून आज आपणा सर्वांसमोर, शेजारपाजारच्या मंडळींसमोर मी सांगते, की त्या दिवशी तिचे खरे होते आणि माझे चुकले होते. ही स्मरणिका छापून झाली, की एक प्रत घेऊन मी पुन्हा तिच्याकडे जाणार आहे. माझ्याबरोबर त्या दिवशी जितक्या जणी उभ्या राहिल्या होत्या, त्यांतल्या काहीजणी आल्या तर बरे होईल. ती परत येईल की नाही, हे मी सांगू शकत नाही. ते आता तिच्या हाती आहे. मात्र आल्यावर तिने पहिलाच प्रश्न हिशेबाचा विचारला, तर मला फार आनंद होईल.